पळती चाल

ऐन वैशाखात, जालन्याच्या भर बाजारातून, जाड लाल बनातीचा कोट गळ्यापर्यंत गुंड्या लावून चालणारा आणि घाम पुसायची तसदी न घेणारा एकच माणूस होता. तो आमच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही मास्तरच म्हणतो.

कोट निजामाच्या फौजेच्या बँडातला. मास्तर मूळचे जालन्याचेच, पण मिसरूड फुटायच्या आधी हैदराबादेला गेलेले आणि तिथंच पलटणीत फुंकायला शिकलेले. पोलीस अ‍ॅक्शन झाली, फौज मोडली, तिच्याबरोबर बँडही मोडला. ट्रंपेट सरकारजमा झाली. कोट अंगावर होता म्हणून वाचला, असं ते सांगायचे. तो घालूनच ते बायकोला घेऊन गावी परतले आणि आमच्या मालकांच्या लग्नाच्या बँडात लागले. मालकांनी त्यांच्या हाती ट्रंपेट दिली, शिवाय आम्हा सगळ्यांसारखा पिवळा डगलाही दिला. ट्रंपेट मास्तरांनी ठेवून घेतली. डगल्याचे वैनींनी उशांना अभ्रे शिवले. मग झालं असं की, पिवळ्या बँडात हा एकटा लाल माणूस बघून मुलीकडच्यांना वाटायचं, हे नवरदेवाचे कुणीतरी बडे नातेवाईक. ते त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवायचे. मास्तर बसायचे.

"तुम्ही सांगत का न्हाई, बँडवाले हाय म्हणून?" मी एकदा विचारलं.

"विचारलं कुठं कुणी," मास्तर म्हणाले. "आनि क्लारनेट, जिलबी थंड झाल्यावर सांगून काय फायदा."

क्लारनेट म्हणजे मी. मास्तर माणसाला त्याच्या वाद्यानंच हाक मारायचे. आमच्यात एक ढोल होता, एक झांज होती. झांजेला जुळं झालं तेव्हा मास्तर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "झांजेनं बराबर केलं. एकटी काय कामाची." मी धनगराचा. बाप-आजे मेंढरांमागं हिंडले, लग्न होईस्तोवर मीही हिंडलो. मला पावा वाजवता यायचा, तेवढ्या भांडवलावर मास्तरांनी मला बँडात ओढलं. पहिल्याच दिवशी माझा सूर फाटला आणि मी मान खाली घातली. तर म्हणाले, "सूर चुकला तर चालतो. लाजला तर न्हाई चालत." मी पुन्हा फुंकलं. पुन्हा चुकलं, पण या वेळी चांगलं मोठ्यानं चुकलं. मास्तर खूश झाले.

ओठांना ते फार जपायचे. रात्री तूप लावायचे, तिखटाला शिवायचे नाहीत, चहा बशीत ओतून पार गार होईस्तोवर थांबायचे आणि आम्हालाही थांबवायचे. शीळ घालणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा. "ओठ असे फुकट उधळू नये," म्हणायचे. सराव करायचे ते अंगणातल्या रिकाम्या रांजणात तोंड घालून. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ही सोय, पण रांजणातून तो आवाज असा घुमून बाहेर यायचा की गल्लीतली कुत्री विहिरीकडं पळायची, कारण त्यांना वाटायचं कुणीतरी आत पडलंय. वैनी तेवढ्या वेळात दळण घेऊन निघून जायच्या. त्यांचं म्हणणं, "लगीन माझ्याशी लावलं आनि नांदायला पिपाणीसंगं गेले."

त्यांचं घर टेशनाच्या अंगाला. सकाळच्या गाडीच्या इंजिनाची शिट्टी मास्तरांच्या मते सुरात नव्हती, जरा उतरलेली होती. ते अंगणात उभे राहायचे, शिट्टी झाली की ट्रंपेटवर बरोबर सूर काढून दाखवायचे. पुष्कळ दिवस हे एकतर्फी चाललं. मग एका सकाळी इंजिनानं मास्तरांचा सूर ऐकून पुन्हा शिट्टी दिली. मास्तरांनी पुन्हा सूर दिला, इंजिनानं पुन्हा शिट्टी दिली. गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली, टेशनमास्तर हिरवं निशाण हातात धरून तसेच उभे. संध्याकाळी आमचे मास्तर मला म्हणाले, "ड्रायव्हर मेहनती हाय. सुधरेल."

आता तबकडीची गोष्ट सांगतो.

आम्ही अंबडकडचं एक लग्न वाजवून बैलगाडीनं परत येत होतो. दुधनेच्या पात्रात, कोरड्या वाळूत एक जीप रुतलेली आणि एक गोरा साहेब चाकाशी हातांनी वाळू उकरत बसलेला. विहिरी बघायला आलेला कुणी सरकारी पाहुणा असावा. बदली होऊन निघालेला दिसत होता, कारण खाटेपासून मच्छरदाणीपर्यंत सगळा संसार जीपमध्ये कोंबलेला. आम्ही सगळे जीपला लागलो. मास्तर मात्र लागले नाहीत, ते एका दगडावर चढून पलटणीची चढाईची धून वाजवायला लागले. जीप निघाली. धुनेमुळं निघाली असं मास्तरांचं मत कायम राहिलं. साहेब जीपकडं बघायचं सोडून मास्तरांकडंच बघत राहिला. मग त्यानं सामान उपसून एक मोठं चौकोनी पाकीट काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. पाकिटावरच्या चित्राकडं बोट केलं, मग मास्तरांकडं केलं, हसला आणि गेला.

पाकिटात एक मोठी तबकडी होती. चित्रात एक काळासावळा माणूस डोळे मिटून ट्रंपेट वाजवत होता आणि सगळं चित्र निळ्या रंगात बुडालेलं होतं. इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. मास्तरांना उर्दू यायचं, त्याचा इथं उपयोग नव्हता. ते चित्राकडं एकटक बघत राहिले. "हैदराबादेत हबशी रिसाल्यात माझा एक दोस्त होता," म्हणाले, "बिलकुल असाच दिसायचा. हा त्याच्याच घरातला कुणीतरी असंल." त्या दिवसापासून तो माणूस आमचा निळा मास्तर झाला. दसऱ्याला वाद्यांची पूजा व्हायची, तेव्हा ट्रंपेटशेजारी ते पाकीट उभं करून त्यालाही झेंडूचा हार पडायचा.

तबकडी वाजवायचं विजेचं मशीन जालन्यात होतं धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका हॉटेलात. हॉटेलवाला त्यावर दिवसभर सिनेमाची गाणी लावायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं आमची तबकडी लावली, आणि मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं मोहोळ उठलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताशा, उकळत्या पातेल्यासारखा काहीतरी बुडबुड आवाज, आणि त्या सगळ्यावरून एक पिपाणी, बारीक, चपळ, झाडावरून खार पळावी तशी वर-खाली पळत सुटलेली. कोपऱ्यात एक शेतकरी चहा पीत होता, तो अर्धा कप ठेवून निघून गेला. मास्तर मात्र उभेच राहिले. संपल्यावर म्हणाले, "क्लारनेट, हा माणूस श्वास कवा घेतो?"

त्याचं उत्तर शोधण्यात त्यांचं पुढचं सगळं वर्ष गेलं. रोज दुपारी ते हॉटेलात जायचे, ऐकायचे, पळत घरी येऊन रांजणात डोकं घालायचे. एवढा बारीक आवाज ट्रंपेटमधून निघणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी चाल खाली उतरवून घेतली. पण वेग सोडला नाही. ओठ सुजले, फुटले, तूप लावून पुन्हा सुजले. वैनी म्हणायच्या, "काय करून राह्यले हो ह्या वयात?" पहिली चाल अखेर त्यांना पुरी वाजवता यायला लागली तेव्हा मी तर तोंडात बोट घातलं. मास्तरांचं समाधान नव्हतं. "मी अजून मागं हाय," म्हणायचे. "निळे मास्तर वळणावर दिसतात, तवर पुढच्या वळणाला गेलेले असतात."

मग त्यांनी आम्हाला ती चाल शिकवली. मला अर्धी आली, ढोलाला पाव आली, झांजेनं डोळे मिटून जमेल तशी वाजवली. आणि मालकांना न विचारता मास्तरांनी ती जालन्यातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या घरच्या परण्यात सुरू केली. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला आणि तिथून मांडवाला नेतात, ती मिरवणूक. नवरदेवाचा मामा नाचायला पुढं झालेला, त्याला ताल सापडेना. त्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि तो रस्त्यातच बसला. घोडा मिरवणुकांत मुरलेला होता, ओळखीच्या गाण्यावर पाय उचलायचा. हे ऐकून त्यानं कान मागं घेतले आणि तो मागं मागं चालायला लागला. कुणी लगाम ओढला की आणखी मागं. मांडव उलट्या बाजूला होता, तेव्हा लोकांनी शेवटी विचार करून घोड्याचं तोंडच फिरवलं. नवरदेव मांडवाच्या दारात पोचला तो पाठमोरा. ओवाळायला आलेल्या सासूबाईंपुढं आधी घोड्याची शेपूट आली.

मालक शांत माणूस. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, ट्रंपेट माझी हाय," ते म्हणाले. "ते गाणं परत वाजलं की मी ती काढून घेणार. मंग कोट घालून नुसतं बसा."

मास्तरांनी मान डोलावली. स्वतःची ट्रंपेट एकदा गेलेला माणूस तो. पुढचे काही महिने ते लग्नात ठरलेली गाणीच वाजवत राहिले, सगळी सुरात, सगळी सरळ. पंगतीला कुणी बसवलं तर अर्धं जेवून उठायचे. इंजिनालाही उत्तर देणं त्यांनी सोडलं. दोन-तीन सकाळी इंजिनानं वाट बघून पुन्हा पुन्हा शिट्टी दिली, मग तेही गप झालं. वैनी मला म्हणाल्या, "पिपाणीचा तरास बरा व्हता भाऊजी. ह्यो गप बसलेला मानूस मला सोसत न्हाई."

त्याच लग्नसराईत परतूरचं लग्न आलं. मुलगा जालन्याचा, मुलगी परतूरची. वऱ्हाड रेल्वेनं निघालं, त्याच डब्यात आम्ही. मुहूर्त गोरजाचा. गाडी वाटेत एका रानात उभी राहिली ती राहिलीच. का, ते कुणी सांगेना. लोक खाली उतरले, नवरदेव मुंडावळ्या सावरत बोरीच्या झाडाखाली बसला. आम्ही परतूरला पोचलो तेव्हा सूर्य पार कलला होता. फलाटावर मुलीचा बाप हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी. त्याच्याजवळ गुरुजी, ते आभाळाकडं बघत होते.

"हा मुहूर्त टळला तर पुढं या सराईत पत्रिकेला जुळणारा न्हाई," गुरुजी म्हणाले. "आता मांडवात पोचायचं तर पळावंच लागेल."

"पळू की मंग," नवरदेवाचा बाप म्हणाला.

नवरदेवाची आत्या आडवी आली. म्हातारी पण आवाज खणखणीत. "बिनवाज्याचा नवरदेव पळत गेला तर गाव काय म्हणंल? कुणाची पोरगी घेऊन पळाले म्हणंल. परण्या निघाल्याबिगर माझा भाचा टेशनाबाहेर पडायचा न्हाई."

परण्या निघाला पाहिजे आणि पळतही गेला पाहिजे. आमच्याकडं जी गाणी होती ती सगळी ठुमकत चालायची. त्यांवर पळायला गेलं तर पायात पाय येऊन माणूस पडेल. सगळे मालकांकडं बघायला लागले. मालक मास्तरांकडं बघायला लागले. मास्तर ट्रंपेट पोटाशी धरून उभे होते आणि फलाटाच्या फरशीकडं बघत होते.

"मास्तर," मालक म्हणाले.

"जी."

"मला दुपारपासून कमी ऐकू येऊन राह्यलंय. दोन्ही कानांनी."

मास्तरांनी मान वर केली. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली आणि फुंकलं.

ते कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पळत होतो. तोंडात क्लारनेट, पुढं मास्तरांचा लाल कोट, मागं ढोल घेऊन धावणारे मालक. ढोलवाल्याच्या पायात गोळा आला म्हणून मालकांनी ढोल स्वतःच्या पोटावर घेतला होता. ज्या चालीवर कुणाला नाचता आलं नव्हतं तिच्यावर पळता मात्र झकास येत होतं. धोतरं खोचली गेली, लुगडी वर उचलली गेली, आत्याला दोघांनी उचलून घेतलं आणि ती वरून हातवारे करत सगळ्यांना पुढं हाकत होती. परतूरचा घोडा जालन्याच्या घोड्याइतका शिकलेला नव्हता. त्याला आवाज ऐकून एवढंच कळलं की निघायचंय, आणि तो दुडक्या चालीनं सुटला. बाजारात हमाल पोती टाकून बाजूला झाले आणि हसत हसत काही जण आमच्याबरोबर पळायला लागले. एक शेळ्यांचा कळप परत येत होता, तोही आमच्यात सामील झाला. मारुतीच्या देवळापाशी नवरदेवानं घोड्यावरूनच नमस्कार टाकला. मी आयुष्यात तेवढं कधी हसलो नाही, आणि क्लारनेट तोंडात असताना हसलं की काय आवाज निघतो ते परतूरच्या लोकांनी त्या दिवशी ऐकलं.

मांडवात पोचलो तेव्हा उजेड होता. नवरी नुकतीच बोहल्यावर आली होती. गुरुजींना इतकी धाप लागलेली की मंगलाष्टकं त्यांच्या तोंडून त्याच वेगानं बाहेर पडली, आणि अक्षता एकदाच काय त्या पडल्या. लग्न लागलं. मुलीचा बाप मालकांच्या गळ्यात पडला. मालकांनी त्याला अलगद उचलून मास्तरांच्या गळ्यात घातलं.

"ऐकू यायला लागलं का, मालक?" मास्तरांनी विचारलं.

"आत्ताच आलं बघा," मालक म्हणाले.

नंतर काय, परतूरपासून अंबडपर्यंत लोक आम्हाला बोलवायला यायचे ते हेच विचारत यायचे, "पळती चाल वाजवता ना तुम्हीच?" मुहूर्त तासभर लांब असला तरी लोकांना पळायचं असायचं. काही ठिकाणी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधीच बैलगाडीनं मांडवात पोचवायचे आणि मग बाकीचे हौसेनं पळायचे. सकाळी इंजिनाची आणि मास्तरांची पुन्हा बोलाचाली सुरू झाली. पंगतीत मास्तर पुरे जेवायला लागले. तरी कुणी फार कौतुक केलं की ते मान हलवायचे. "तुम्ही निळ्या मास्तरांना ऐकलं न्हाई. मी अजून मागं हाय."

असं बरंच चाललं. मग हॉटेलवाल्याचं मशीन बिघडलं. गावात नवीनच रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेला एक पोरगेला माणूस ते बघायला आला. मी आणि मास्तर तिथंच बशीतला चहा गार होण्याची वाट बघत बसलो होतो. त्यानं मशीन उघडलं, पुसलं आणि हॉटेलवाल्याला विचारलं, "याची खिटी कुठंय? वेग बदलायची?"

"गिऱ्हाइकं उगं हलवत बसायची," हॉटेलवाला म्हणाला, "म्हणून म्या कवाच काढून ठेवली. गाणी बराबर वाजतात की."

खिटी गल्ल्याच्या खणात सापडली. त्यानं ती बसवली आणि जवळ पडलेली आमची तबकडी उचलली. "ही लांब वाजणारी. ही सिनेमाच्या तबकड्यांपेक्षा सावकाश फिरवायची असती," तो म्हणाला आणि त्यानं खिटी सरकवून तबकडी लावली.

आधी खरखर आली. इतक्या वर्षांत ती फार वाजली होती. मग एक सूर निघाला आणि थांबला. मग दुसरा. दिवसभर उन्हातून चालून आलेला माणूस उंबऱ्यावर थांबून घरातल्यांकडं बघत उभा राहावा, तसा तो सूर उभा होता. गारा नव्हत्या, मोहोळ नव्हतं. मागं कुणीतरी अगदी हळू, झाडून काढावं तसा ताल धरला होता.

"मशीन अजून आजारी हाय," मास्तर म्हणाले.

"न्हाई काका, आता बराबर हाय. आधी ते दुपटीच्या वर पळत असंल."

मास्तर उठून मशीनपाशी गेले. चाल तीच होती, ते त्यांना माझ्याआधी कळलं. प्रत्येक वळण ओळखीचं, फक्त आता त्या वळणावर एक माणूस उभा होता, आणि तो कुठंच निघालेला नव्हता. मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हंजे निळे मास्तर चालत होते?"

"चालतच," तो रेडिओवाला म्हणाला.

"मंग पळत कोण होतं?"

मी म्हणालो, "तुम्ही, मास्तर. तुम्ही एकटेच."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला, मला वाटलं रडतात. ते हसत होते. बाकाला धरून, वाकून, कोटाची वरची गुंडी तुटून उडेपर्यंत हसले. "इतकी वर्षं ज्याला गाठायला पळालो," मध्येच म्हणाले, "तो मागं राह्यलाय की रे बिचारा." आणि पुन्हा हसले. मग एकाएकी चहा तसाच टाकला आणि निघाले. मला धास्ती वाटली. मी त्यांच्या मागं मागं गेलो.

घरी वैनी ओसरीवर गहू पाखडत होत्या. मास्तरांनी खुंटीवरची ट्रंपेट काढली. रांजणाकडं गेले नाहीत. अंगणाच्या मध्ये उभे राहिले, डोळे मिटले आणि ती चाल वाजवायला लागले, आत्ता ऐकली तशी, एकेक सूर ठेवत. वैनींच्या हातातलं सूप थांबलं. एरवी त्या दळण घेऊन निघायच्या, आज बसून राहिल्या. चिमण्या येऊन गहू टिपायला लागल्या तरी त्यांनी त्यांना हाकललं नाही. मी फाटकापाशीच थांबलो. संपल्यावर मास्तरांनी डोळे उघडले, तेव्हा वैनी त्यांच्याकडं नवख्या माणसाकडं बघावं तशा बघत होत्या.

"हे कवा शिकलात?" वैनींनी विचारलं.

"आज."

"मंग इतके दिस काय वाजवत होता?"

"हेच," मास्तर म्हणाले. "जरा घाईत होतो."

वैनींनी सूप बाजूला सारलं, पदरानं पाट पुसला आणि त्यांच्यापुढं सरकवला.

"मंग आता बसून वाजवा," त्या म्हणाल्या.